मावळलेल्या सूर्याचा पंचनामा

गणपतीपुळ्यास सूर्य रोज मावळतो. परंतु तो आपल्या समक्ष मावळला असा तसबिरीच्या रूपाने पक्का दाखला हाती पडल्याखेरीज त्या मावळण्याची कुटुंबाच्या दप्तरी नोंद होऊ शकत नाही, अशी समजूत अलीकडे एवढी दृढमूल झाली आहे की, पुण्या-मुंबईहून आणि कोल्हापूर-सांगलीहून केवळ तो सूर्यास्त पाहण्याकरिता घाट उतरून आलेली शेकडो मंडळी ऐन सूर्यास्ताच्या मुहूर्तावर सूर्याकडे पाठ फिरवून उभी असलेली तेथल्या पुळणीवर कोणत्याही सायंकाळी पाहावयास मिळतात. सूर्य त्यांच्या पाठीमागे आपले नित्यकर्म उरकत असतो, आणि त्यांची मुद्रा पूर्वेकडे, म्हणजे मोबाईल धरून उभ्या असलेल्या घरच्या मुखत्याराकडे लागलेली असते. तो मुखत्यार तेवढा पश्चिमाभिमुख असतो खरा. पण त्याची दृष्टी हातातल्या वीतभर काचेवर खिळलेली असल्यामुळे, सूर्याकडे प्रत्यक्ष पाहणारा असा प्राणी त्या सबंध किनाऱ्यावर शोधू जाता बहुधा भाड्याचा उंट तेवढा सापडतो, आणि त्यालाही त्या दृश्याचे काही विशेष कौतुक असल्याचे त्याच्या मुद्रेवरून दिसत नाही.

या व्यवहारास छायाचित्रणकला असे भारदस्त नाव देण्यापेक्षा पंचनामा म्हणणे मला अधिक यथार्थ वाटते. पंचनाम्यास जे जे लागते ते ते सर्व येथे यथास्थित हजर असते. जागेची चतुःसीमा असते: पूर्वेस डोंगर, पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस भेळेची गाडी आणि उत्तरेस वर निर्दिष्ट केलेला उंट. पंच म्हणून घरातली वडीलधारी मंडळी असतात. हजर इसमांची शिरगणती दोनदोनदा होते. आणि ज्या घटनेबद्दल हा खटाटोप चाललेला असतो ती घटना एकानेही डोळ्यांनी पाहिली नसली तरी ती घडली याविषयी सर्वांची जबानी एकसारखी असते. अखेरीस अंगठाही असतो. तो बहुतेक वेळा भिंगावर आलेला असतो.

पुळ्याच्या देवाने मात्र या पंचनाम्यातून स्वतःची सुटका फार पूर्वीच करून घेतली आहे. पश्चिमेचे द्वार राखणारा हा स्वयंभू गणपती. त्याच्या मागचा सबंध डोंगरच गणेशरूप मानलेला, आणि म्हणून प्रदक्षिणा घालायची ती मूर्तीला नव्हे तर डोंगराला, तीही चांगली किलोमीटरभर चालत. गाभाऱ्यात छायाचित्रणास मज्जाव असतो. बाहेर येऊन देवाला चौकटीत बसवावे म्हटले तर डोंगर चौकटीत मावत नाही. आणि तो मावेल इतके मागे सरावे तर पायांखाली समुद्र येतो. भक्ताच्या मोबाईलला देवाने याहून सभ्यपणे नकार दिल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

धन्याच्या या अलिप्तपणाची भरपाई वाहनाला करावी लागते. मंदिराच्या आवारात धातूचा एक थोरला उंदीर बसविलेला आहे, आणि त्याच्या कानात मनातली इच्छा सांगितली म्हणजे ती देवापर्यंत पोचते, असा भाविकांचा विश्वास आहे. ही विनंती गुप्त असते; निदान असावी. परंतु गुप्त विनंती केली याचा उघड पुरावा पाहिजे असल्यामुळे, एका नवविवाहितेला तिच्या पतिराजांनी तीच इच्छा पुनःपुन्हा सांगावयास लावलेली मी पाहिली. पहिल्या वेळी तिचे डोळे मिटले. दुसऱ्या वेळी एक आजीबाई मध्ये आल्या. तिसऱ्या वेळी उंदराचा कान चौकटीबाहेर राहिला. आणि चौथ्या वेळी तिने त्या कानात जे काही सांगितले ते पतिराजांविषयीच असावे, असे तिच्या चर्येवरून स्पष्ट दिसत होते. चौथी तसबीर उत्तम आली.

आमचे मेहुणे हे अशा पंचनाम्यांचे मुरलेले अधिकारी आहेत. नोकरी मोजणी खात्यात. त्यामुळे जगात जे जे आहे त्याला हद्द असते, हद्दीला निशाणी असते आणि निशाणीचा कागद असतो, ही त्यांची जीवनश्रद्धा. माघातल्या संकष्टीला आम्ही पुळ्याला गेलो, तेव्हा रत्नागिरीपासूनच्या त्या पंचवीसेक किलोमीटरांत आरे-वारेच्या वळणावर त्यांनी गाडी इतका वेळ उभी करवली की, उपाशी असलेल्या आमच्या मातुःश्रींनी, "इथेच मुक्काम आहे का?" असा सरळ प्रश्न टाकला. मालगुंडला केशवसुतांच्या जन्मघरी १९९४ पासून जे स्मारक उभे आहे तेथेही आम्ही अर्थातच गेलो, आणि कोरलेल्या कवितांच्या समोर सर्वांना दाटीने उभे करून काढलेल्या त्या तसबिरीत कवितेची पहिली ओळ माझ्या डोक्यावर आणि शेवटची भाचीच्या चपलांपाशी वाचता येते; मधली कविता आमच्या कुटुंबाने व्यापली आहे.

पेशजी, म्हणजे फिल्मच्या राज्यात, असा सढळ कारभार नव्हता. आमच्या तीर्थरूपांपाशी आगफाचा क्लिक थ्री नावाचा कॅमेरा होता, आणि त्याच्या एका रोलमध्ये बारा तसबिरी निघत. बारा म्हणजे बारा. या बारांत वर्षाचे सणवार, एखादी मुंज, एखादी सहल आणि उरल्यास दारची गाय एवढ्यांची तजवीज करावयाची असल्याने, कळ दाबण्यापूर्वी मसलत होई, सूर्य कोणत्या अंगाला आहे याचा विचार होई, आणि "हलू नका" असा हुकूम सुटला की घरातले लहान मूलदेखील श्वास कोंडून धरी. रोल पुरा झाल्यावाचून धुवावयास देणे हा अपव्यय समजला जाई. परिणामी गणपतीतले हसरे चेहरे शिमग्याच्या सुमारास हाती येत, आणि मधल्या काळात एखाद्या भाऊबंदाशी बोलणे बंद झालेले असे, त्याच्याच खांद्यावर हात ठेवून आपण उभे आहो हे पाहण्याचा प्रसंग येई. मेहुण्यांच्या मोबाईलला ही मर्यादा नाही. बारा तसबिरी ते गाडीतून उतरता उतरता काढतात.

सूर्य क्षितिजाकडे कलू लागला तशी मेहुण्यांनी मुख्य कलमाला हात घातला. हे कलम म्हणजे तळहातावरचा सूर्य. किनाऱ्यावर त्या वेळी निदान पन्नास माणसे एक हात आडवा पसरून, तळवा आकाशाकडे करून उभी होती. आमच्या भगिनीसही तशीच उभी करण्यात आली. आता यात एक भूमितीचा पेच आहे. सूर्यबिंबाचा आकाशातला विस्तार अवघा अर्ध्या अंशाचा. हात लांब करून करंगळी त्याच्या आड धरली तर तिच्या जाडीमागे दोन सूर्य शेजारी शेजारी लपतील. तेव्हा जवळून तसबीर घेतली की हातावर सूर्य न दिसता साबुदाण्याचा एक दाणा दिसतो. सूर्य आणि तळहात यांची मापे जुळावयाची तर सूर्य मोठा करणे मोजणी खात्याच्याही अधिकारात नसल्यामुळे तळहात लहान करावा लागतो, म्हणजेच छायाचित्रकाराने मागे हटावे लागते. आणि आठ सेंटिमीटर रुंदीचा तळहात अर्ध्या अंशात बसावयास सुमारे नऊ मीटर अंतर पडावे लागते. मेहुण्यांनी ही मोजणी तोंडी केली आणि मोबाईल डोळ्यांसमोर धरून, मागे वळून न पाहता, एकेका मीटरचे पाऊल टाकीत ते पूर्वेकडे निघाले. मागे घोडागाडी उभी होती. घोड्याने मोजणीस हरकत घेतली नाही, गाडीवानाने घेतली.

ही तक्रार मिटेपर्यंत सूर्य बराच खाली आला. नऊ मीटरांवरून आज्ञा सुटू लागल्या.

"हात वर! अजून वर! अगं, तुझ्या कोपरातून सूर्य चाललाय!"

"अहो, मी सूर्याकडे बघू की तुमच्याकडे?"

"कुणाकडेच बघू नकोस. नैसर्गिक दिस!"

मोबाईलपुढेही त्या वेळी धर्मसंकट उभे असते. सूर्याचा तांबूस रंग टिपावा तर माणसे काळीठिक्कर पडतात, आणि माणसांचे चेहरे उजळावे तर सूर्याच्या जागी पांढरे भोक पडते. मेहुण्यांनी तोड म्हणून फ्लॅश लावला. पंधरा कोटी किलोमीटरांवरच्या सूर्याच्या उजेडात जी उणीव राहिली होती ती नऊ मीटरांवरून भरून काढण्याचा तो प्रयत्न भगिनीच्या बांगडीवर क्षणभर चमकला आणि अरबी समुद्रात विलीन झाला.

अखेर बिंबाची खालची कड पाण्याला टेकली. त्या क्षणाची म्हणून एक कैफियत आहे आणि ती मी मेहुण्यांना त्याच वेळी ऐकविली, कारण अशा गोष्टी माणूस कामात असतानाच सांगावयाच्या असतात. क्षितिजालगतचे दाट वातावरण प्रकाशकिरणांना एवढे वाकविते की, तेथली आकाशस्थ वस्तू आपल्या खऱ्या जागेहून सुमारे ३४ कला वर उचललेली दिसते. पंचांगवाल्यांना कला सांगावयास नको. ६० कलांचा एक अंश. सूर्यबिंबाचा व्यास आहे ३२ कलांचा. म्हणजे सूर्य पाण्याला नुकताच टेकला असे ज्या क्षणी आपण म्हणतो, त्या क्षणी तो वस्तुतः सबंधच्या सबंध क्षितिजाखाली गेलेला असतो. आणि पुढे सव्वादोन-अडीच मिनिटे लोक ज्याला तळहातावर तोलून धरतात, चिमटीत पकडतात, चमच्यात घेऊन गिळल्याचा आव आणतात, ती नुसती वातावरणाने उचलून धरलेली त्याची प्रतिमा असते. खालची कड वरच्या कडेपेक्षा अधिक उचलली जाते, म्हणून बिंब बसकट दिसते. उंची रुंदीच्या मानाने पाचव्या-सहाव्या हिश्शाने कमी भरते. हा बसकटपणा त्या पन्नास तळहातांवर धडधडीत दिसत होता आणि कोणी त्याची दखल घेत नव्हते.

मेहुण्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे मालक जागेवर नाही," ते म्हणाले. "पण कब्जा दिसतोय ना? कागदोपत्री तो कुठंही असू दे, दादासाहेब. आमच्याकडे प्रत्यक्ष वहिवाट बघतात." आणि त्यांनी कळ दाबली.

यावर वरिष्ठ न्यायालयातही काही उत्तर असेल असे मला वाटत नाही.

सूर्याचे प्रकरण दाखल झाल्यावर उडीचे प्रकरण निघाले. सर्व कुटुंबाने एकाच वेळी उडी मारावी आणि सर्वांचे पाय एकाच क्षणी अधांतरी असावेत, ही हौस वाटते तितकी अर्वाचीन नाही. धावत्या घोड्याचे चारही खूर एका क्षणी तरी जमिनीपासून सुटलेले असतात काय, हा प्रश्न कॅलिफोर्नियातील लेलँड स्टॅनफर्ड नामक धनिकास पडला होता, आणि एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ साली एका ओळीत बारा कॅमेरे मांडून, घोड्याच्या वाटेत आडवे धागे ताणून, त्याचा निकाल लावला: असतात, पण चित्रकार दाखवीत आले तसे पुढेमागे ताणलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले. आमच्या कुटुंबाबद्दलचा प्रश्न याहून बिकट होता, कारण घोड्याचे चारही पाय निदान एकाच मालकाचे असतात. माणूस तीसेक सेंटिमीटर उडाला तर तो सगळा मिळून अर्धा सेकंद हवेत राहतो. आणि "एक, दोन, तीन" यांतल्या 'तीन'वर उडायचे की 'तीन'नंतर, याविषयी आमच्यात पिढीजात मतभेद आहेत. मातुःश्रींनी, "मला उपास आहे," एवढ्या सबबीवर उडी मारण्याचे साफ नाकारले आणि त्या कडेला उभ्या राहिल्या. उड्या झाल्या. मोबाईल उघडून पाहिले तो आम्ही सर्व गुडघे वाकवून, चेहऱ्यावर परमानंद धारण करून, जमिनीवर घट्ट उभे होतो, आणि एकट्या मातुःश्रींचे दोन्ही पाय पुळणीपासून चांगले वीतभर वर होते. त्याच क्षणी त्यांच्या पायावरून एक कुर्ली गेली होती.

त्या कुर्लीचा माग काढीत भाची निघाली, आणि खरे सांगायचे तर पाहण्यासारखे जे काही होते ते तेथून पुढे होते. शहाळीवाल्या आजोबांनी आम्हांला दुपारीच सांगितले होते: "आज चौथ ना? चार पाऊणे तीन. तिनाला भरती झाली, आता रात्रीपर्यंत ओहोटीच." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा हिशेब ढोबळ आहे, पण त्याला ना बॅटरी लागते ना सिग्नल. समुद्र मागे सरलेला होता आणि ओल्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडला होता. त्यावरून चालताना भाची मध्येच थांबली.

"मामा, पाय ठेवला की भोवतीची वाळू कोरडी का होते?"

मी खाली पाहिले. तिच्या पावलाभोवती ओल्या, चकचकीत वाळूत एक फिकट, कोरडे वलय उमटले होते. तिने पाय उचलला. वलय विरले आणि पावलाच्या ठशात पाणी साचले. मेहुण्यांनी लांबूनच निकाल दिला की, वजनाने पाणी पिळून बाहेर जाते. हा निकाल सर्वांना पटण्याजोगा असून नेमका उलटा आहे. पाणी पिळून निघाले असते तर ते वर आले असते. येथे ते खाली जाते. लाटेने ठोकून बसविलेल्या वाळूचे कण एकमेकांत इतके गच्च बसलेले असतात की, त्यांना जरा सरकवायचे म्हटले तरी ते एकमेकांवर चढतात आणि पूर्वीपेक्षा अधिक जागा मागतात. कणांमधल्या फटी रुंदावतात, वरचे पाणी त्या फटींत शोषले जाते आणि पृष्ठभाग क्षणभर कोरडा पडतो. ऑझबोर्न रेनॉल्ड्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८५ साली याची उपपत्ती मांडली. त्यापूर्वीही हजारो वर्षे माणसे ओल्या पुळणीवरून चालत होती आणि ते वलय प्रत्येकाच्या पावलाखाली उमटत होते. भाचीने त्याचा फोटो घेतला. फोटोत पाय होता. पण तो कोणाचा हे कळत नसल्यामुळे मेहुण्यांनी तो पुराव्यास अग्राह्य ठरविला.

पुढे वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी पसरली होती. मधोमध पेन्सिलीच्या जाडीचे एक बीळ, आणि तेथून चहूकडे गेलेल्या गोळ्यांच्या रांगा. दोन रांगांमध्ये बिळाकडे परत पळण्यापुरती मोकळी वाट. एका आजीबाईंनी तिला समुद्राची रांगोळी म्हटले आणि त्या निघून गेल्या. भाची मात्र फ्रॉकची पर्वा न करता पालथी पडली आणि कोपरे टेकवून मोबाईल बिळावर रोखून राहिली. "मामा, हलू नकोस. तो बघतोय." मीही हललो नाही. मग दांड्यांवरचे दोन डोळे वर आले, त्यामागून वाटाण्याएवढा खेकडा आला, आणि नांग्यांनी वाळू उचलून तोंडाशी नेऊ लागला, एक हात, दुसरा हात, न थांबता. वाळूच्या कणांना चिकटलेले सेंद्रिय अन्न तेवढे तो गाळून घेतो आणि निःसत्त्व वाळूची गोळी तोंडाच्या वरच्या अंगाने बाहेर फुगत येते. ती पुरी झाली की नांगीने तोडून मागे टाकतो आणि एक पाऊल पुढे सरकतो. खाल्लेल्या जागेची वाळू पुन्हा तपासायला लागू नये म्हणून प्रत्येक गोळी ही खूण. एवढी काटेकोर मोजणी एकही कागद न वापरता चाललेली मेहुण्यांना दाखवावी असे माझ्या मनात आले. पण त्यांच्या पावलांची चाहूल लागताच डोळे, नांग्या आणि खेकडा एकदम आत गेले. "काय आहे?" त्यांनी विचारले. "बीळ," भाची म्हणाली.

मुलांच्या या उद्योगाला घरोघर चाळा म्हणतात. पण महाराष्ट्रात चलच्चित्रांचा जो अवाढव्य संसार पुढे थाटला गेला त्याच्या बुडाशी असाच एक चाळा आहे. १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आलेल्या दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा रोखला, आणि महिनाभर रोज थोडी थोडी फिल्म उघडीत त्या अंकुराची वाढ टिपली. पडद्यावर तो वाटाणा मिनिटा-दीड मिनिटात रुजून वेल झाला, आणि तो पाहूनच भांडवल देणाऱ्याचा हात सैल झाला. घरातल्या अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'त रोहिदास झाला तो त्यांचा मुलगा भालचंद्र, आणि १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण झाली ती मुलगी मंदाकिनी. शास्त्र, संसार आणि पोरखेळ यांची याहून सरस मिळवणी मला दुसरीकडे आढळलेली नाही. हे मी मेहुण्यांना सांगितले. ते विचारात पडले. "महिनाभर वाटाणा?" ते म्हणाले. "आणि त्यात घरचं कोणीच नाही?"

एक गोष्ट मात्र थट्टेवारी न नेता सांगितली पाहिजे. पुळ्याचा समुद्र दिसतो तसा मवाळ नाही. मागे फिरणाऱ्या पाण्याला तेथे चांगलीच ओढ असते, तसे फलक लावलेले आहेत, आणि तरीही पाण्याकडे पाठ करून एकेक पाऊल मागे सरणारी माणसे रोज दिसतात. पंचनाम्याची हौस असावी. स्वतःच त्याचा विषय होण्याची नसावी. आमच्या मंडळींना त्या हद्दीबाहेर ठेवण्याचे श्रेय मी मेहुण्यांना बिनतक्रार देतो. गुडघ्यापलीकडचे पाणी त्यांनी सरकारजमा घोषित केले होते.

शेवटी समूहचित्र राहिले. मुखत्यार स्वतः कोणत्याच तसबिरीत नसतो, ही मेहुण्यांची जुनी फिर्याद, आणि ती दूर करण्यासाठी त्यांनी तिपाई आणली होती. मोबाईल दहा सेकंदांवर लावून धावत येऊन मध्यभागी उभे राहावयाचे, असा बेत. रस्त्यावर दहा सेकंद पुष्कळ असतात. भुसभुशीत वाळूत पाऊल जितके पुढे पडते त्यातले निम्मे मागे जाते. पहिल्या चित्रात मेहुण्यांची पाठ आली, दुसऱ्यात ते आडवे आले, तिसऱ्यात ते वेळेवर पोचले. पण एव्हाना तिपाईचा एक पाय वाळूत रुतत चालला होता, आणि त्यामुळे त्या चित्रात सबंध अरबी समुद्र गोव्याच्या दिशेने ओतला जात असून आमचे कुटुंब प्रसन्न मुद्रेने त्याकडे दुर्लक्ष करीत आहे, असे दृश्य कायम झाले. मोजणी खात्यातल्या माणसाच्या नावावर ते जन्मभर राहील.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी पाने मांडली गेली. संकष्टीचा चंद्र डोंगरामागून वर येण्याची सर्वजण वाट पाहत होते, तो आला, आणि मातुःश्रींनी पळी हातात घेतली तोच मेहुण्यांनी अंगणातून, "एक मिनिट, आधी फोटो!" असा पुकारा केला. मोबाईलमध्ये चंद्र म्हणजे काळ्या कागदावर पडलेला पांढरा ठिपका असतो. काळ्या आकाशाच्या मानाने उजेड ठरवू गेलेला कॅमेरा चंद्रालाही तोच उजेड लावतो आणि तो करपून जातो. काचेवर बोट टेकवून उजेड कमी करावा लागतो, हे भाचीने वडिलांना शिकवीपर्यंत मोदकांची वाफ निवत चालली.

"जावईबापू," मातुःश्री म्हणाल्या, "तो तुमच्यासाठी थांबायचा नाही. आणि आज मीही थांबायची नाही." आणि त्यांनी अर्घ्य देऊन टाकले.

जेवता जेवता मेहुण्यांनी दिवसाच्या दप्तराची छाननी करून निवडक तसबिरी नातेवाइकांच्या गटावर रवाना केल्या. तळहातावरचा सूर्य गेला, कलंडलेला समुद्र गेला, मालगुंडची झाकलेली कविता गेली. भाचीचा खेकडा, "यात कोणीच नाही," असा शेरा पडून नामंजूर झाला. पुण्याहून भाचीच्या आत्याचे उत्तर तत्काळ आले: सगळे छान आले आहेत, आईंची उडी तर फारच छान, या वयात एवढी उडी कशी जमते ते कळवावे.

ते वाचून मेहुण्यांना आणखी चेव आला. त्यांनी पान बाजूला सारले आणि दुसऱ्या दिवसाचे फर्मान काढले: पहाटे साडेपाचला सर्वांनी आंघोळी करून पुळणीवर हजर राहावे, आज सूर्य जेथे बुडाला नेमक्या त्याच जागी, समुद्रातून वर येताना, तळहातावर घ्यावयाचा आहे. शेकडो जमिनींच्या चतुःसीमा आपल्या हाताने लिहिलेला तो गृहस्थ हे बोलत असताना भाचीने माझ्याकडे पाहिले, मग डोंगराकडे पाहिले, आणि काही विचारण्यासाठी तोंड उघडले. तोच तिच्या आईने, पहाटेची झोप आणि नवऱ्याचा निदान तासभराचा बाहेरचा मुक्काम यांचा हिशेब मनाशी झटकन जमवून, तिच्या पानात आणखी एक मोदक वाढला आणि त्यावर तूप सोडले.